मोठ्या संख्येचे अवयव पाडताना: १४२८५७

सुरुवातीला एवढंच पक्कं करा: मूळ अवयव (१ आणि स्वतःशिवाय कशानेही भाग न जाणारे) हाती आले की बाकीचे गुणधर्म त्यांतूनच निघतात. १४२८५७ घ्या. अंकांची बेरीज २७, म्हणजे ९ ने भाग जातो. पण बेरीज २७ आली म्हणून २७ ने भाग जाईलच असं समजू नका. १८९९ ची बेरीजही २७, तरी भाग जात नाही. ही कसोटी फक्त ३ आणि ९ पुरती. इथे प्रत्यक्ष भागून पाहिलं तर तीनदा ३ जातो, उरतात ५२९१.

- आता वर्गमूळ ५२९१ चं काढा, १४२८५७ चं नको. ३७७ ऐवजी ७२ पर्यंतच तपासावं लागतं.
- ७ जात नाही. ११ साठी ५−२+९−१=११, म्हणून जातो. उरले ४८१ = १३×३७.

म्हणजे ३³×११×१३×३७. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून मग गुणायचं: ४×२×२×२=३२. नवखे हमखास इथेच १ विसरतात.

वर्गही करून बघाच: २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा, २०४०८+१२२४४९ परत १४२८५७! देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचं नाव अशा संख्यांना आहे.