तीन हान्स येन्सन, त्यातला आमचा कोणता?

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं घराणं मूळचं डेन्मार्कच्या बोर्नहोल्म बेटावरचं. मुलीसाठी वंशावळ करायला घेतली, 1787 च्या जनगणनेपर्यंत सगळं नीट सापडलं. त्याच्या मागे गेलं की दर पिढीला आडनाव बदलतं आणि 1700 च्या आसपास एकाच पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) तीन हान्स येन्सन दिसतात! सासूबाई म्हणतात, सोड आता. काय करू?
– एक वाचक, कोपनहेगन

उत्तर : अजिबात सोडू नका. येन्सन म्हणजे फक्त येन्सचा मुलगा, त्या हान्सचा मुलगा हान्सन आणि मुलगी हान्सदात्तर, म्हणजे आपण मधलं नाव वडिलांचं लावतो तसंच. हे थांबवायला 1828 चा सरकारी हुकूम निघाला आणि खेड्यातल्या लोकांनी तोही बरीच वर्षं मनावर घेतला नाही. त्यामुळे नावाच्या मागे लागलात तर गोल गोल फिरत राहाल, फार्म पकडा. बोर्नहोल्मवर बहुतेक शेतकरी स्वतःच्या जमिनीचे मालक होते आणि प्रत्येक फार्मला पॅरिशप्रमाणे नंबर असायचा.

पण फार्मही आंधळेपणाने धरू नका हं. तिथे वारसा धाकट्या मुलाकडे जायचा, मोठे बाहेर पडायचे, कोणी दुसऱ्या फार्मवरच्या विधवेशी लग्न करून तिथलाच होऊन जायचा. म्हणजे एकाच फार्मवर पाठोपाठ दिसणारी दोन माणसं बापलेक असतीलच असं नाही.

मग खात्री कशाने करायची? माझ्या मते सगळ्यात मोठा खजिना म्हणजे स्किफ्ते, मृत्यूनंतरच्या वाटणीच्या नोंदवह्या. आधी घरातली गाय, तांब्याचं भांडं, अंथरूण असं एकेक सामान किमतीसकट लिहिलेलं असतं, ते वाचताना पुढचं पान उलटायची घाई होते पण धीर धरा, कारण त्याच नोंदीत विधवेचं नाव, मुलांची नावं, बऱ्याचदा वयंसुद्धा, आणि अल्पवयीन मुलांचा पालक कोण नेमला ते येतं. पालक शक्यतो बापाकडचा जवळचा नातेवाईक, बहुतेकदा काकाच. तीन हान्सपैकी एकाचा भाऊ असा सापडला की गुंता सुटायला लागतो.

चर्चच्या वह्या, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी, ठेवायचा आदेश 1645-46 मधला, पण सगळीकडे तेवढ्या जुन्या शिल्लक नाहीत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता-धर्ममातांची नावं नक्की उतरवून घ्या, ते सहसा घरचेच लोक. तारखेच्या जागी 'ट्रिनिटीनंतरचा पाचवा रविवार' असं काहीतरी असेल, ट्रिनिटी हा ईस्टरवरून ठरणारा सणाचा रविवार, म्हणून त्या वर्षीचा ईस्टर काढून हिशोब करावा लागतो. आणि 1700 मध्ये 18 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च आला, कॅलेंडर बदललं म्हणून, तेव्हा त्या वर्षीच्या नोंदींशी जपून.

मुलांच्या नावांचा क्रमही बघा: पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव द्यायची रीत होती. विधुराने दुसरं लग्न केलं तर त्यातल्या पहिल्या मुलीला बऱ्याचदा वारलेल्या बायकोचं नाव मिळायचं. सगळे पाळायचेच असं नाही, पण अंदाज बांधायला फार उपयोगी.

डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर चर्चच्या वह्या फुकट बघता येतात. जुनं गॉथिक अक्षर लागत नसेल तर तुम्हाला आधीच माहीत असलेल्या 1787 नंतरच्या नोंदींपासून सुरू करा आणि एकेक दशक मागे जा, आणि सासूबाईंना सोबत बसवा, गावांची आणि फार्मची नावं त्या पटकन ओळखतील.