कागद राहू द्या, आधी तारीख बघा

कळव्याच्या एका ताईंचं पत्र आहे. कर्जतजवळ लागलेल्या एका मोठ्या ऐतिहासिक चित्रपटाच्या सेटवर त्या ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून, म्हणजे गर्दीच्या सीनमध्ये, तीन रात्री कामाला होत्या. तिसऱ्या रात्री बाजाराच्या सीनमध्ये लाकडी प्लॅटफॉर्मची फळी तुटली, त्या खाली पडल्या आणि उजव्या पायाचा घोटा मोडला. आत प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले. सेटवर अशी माणसं पुरवणाऱ्या सप्लायरने दवाखान्यात येऊन वीस हजार रोख दिले, एका इंग्रजी कागदावर सही घेतली आणि सांगितलं, ‘पिक्चर रिलीज होऊ दे, मोठी रक्कम काढून देतो.’ पिक्चर अजून आलेला नाही आणि आता सप्लायर फोन उचलत नाही. ताई विचारतात : ‘सही करून बसले आहे, युनियनचं कार्डही नाही. मला काही मागता येईल का?’

ताई, तुमच्या पत्रात त्या कागदाबद्दल पानभर मजकूर आहे. अपघाताची तारीख मात्र शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिली आहे : ९ एप्रिल २०२४. मी तिथेच थांबले. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या कलम १० प्रमाणे अपघातापासून दोन वर्षांच्या आत आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखाली भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज दाखल व्हावा लागतो. तुमच्या हातात आता जेमतेम सहा आठवडे आहेत. बाकी सगळे मुद्दे वादाचे आहेत, भांडून सोडवता येतील. हा एकच मुद्दा असा आहे, की तो हातचा गेला तर पुढचं भांडण उभंच राहणार नाही.

पिक्चर कधी रिलीज होतो याचा तुमच्या मुदतीशी काडीचा संबंध नाही. सप्लायरच्या तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही ती थांबत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ऐरोली, घणसोली, दिव्याहून येणारी माणसं नोटिशीच्या पोचपावतीची झेरॉक्स जपून ठेवतात आणि तीन महिने उत्तराची वाट बघतात. नोटीस स्पीड पोस्टाने जरूर पाठवा, पण अर्ज तिच्यासाठी अडवून ठेवू नका. उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात, तशी तरतूद कलम १० मध्येच आहे. पण ‘सप्लायरने थांबायला सांगितलं’ हे कारण प्रत्येकाला सबळ वाटेलच असं नाही, आणि मुदत शिल्लक असताना त्या माफीच्या भरवशावर राहण्याचं काहीच कारण नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. तुमची शिफ्ट ९ तारखेला संध्याकाळी सातला सुरू झाली आणि फळी तुटली रात्री दीडला. म्हणजे कॅलेंडरवर १० तारीख उजाडलेली होती. व्हाउचरवर ९ असेल, दवाखान्याच्या केसपेपरवर १० असेल. अर्जात खरं तेच लिहा : ‘९ एप्रिलच्या रात्रपाळीत, १० एप्रिलच्या मध्यरात्री दीडच्या सुमारास’. मुदत मात्र ९ पासूनच मोजा, आणि तीही शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका. मार्चमध्येच अर्ज आत गेला पाहिजे.

आता त्या कागदाकडे येते. न वाचता सही केलीत, प्रत मागितली नाहीत, साधा मोबाइलवर फोटोही काढून ठेवला नाहीत. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. प्लास्टरमध्ये पाय असलेल्या बाईने भांडत बसावं असं मी म्हणत नाही. पण शेजारी तुमचे यजमान होते, भाऊ होता. एका कागदाचा फोटो काढायला किती वेळ लागतो?

तरीही ऐका. तो कागद तुमचा हक्क मारू शकत नाही. कलम १७ सांगतं, की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दच असतो. आणि तुमच्या बाबतीत कलम ८ त्याहून स्पष्ट आहे : स्त्री कर्मचाऱ्याला एकरकमी भरपाई द्यायची तर मालकाने ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर हातात दिलेले पैसे भरपाई दिली असं धरलं जात नाही. शंभर वर्षांपूर्वी हे कलम लिहिणाऱ्यांना दवाखान्यातली खाट, रोख नोटा आणि अंगठा हे चित्र माहीत असणार. शिवाय तडजोड झाली असेल तर तिची नोंद आयुक्तांकडे करून घेणं हे कलम २८ प्रमाणे मालकाचं काम होतं. ते केलं नसेल तर पूर्ण भरपाई द्यायला तो बांधील राहतो. वीस हजारांतले काही वळते करून द्या अशी मागणी ते करतील. त्यावर आयुक्त काय ठरवतील हे आज सांगता येत नाही. रक्कम मिळाली हे अर्जात स्वतःहून लिहा, लपवू नका.

खरं तर त्या कागदाचा तुम्हाला उपयोगच आहे. कलम १० मध्ये अपघाताची सूचना मालकाला देण्याची अटही आहे आणि तुम्ही लेखी सूचना दिलेली नाही. पण मालकाला अपघात दुसऱ्या मार्गाने कळलेला असेल, तर सूचनेअभावी अर्ज अडत नाही. ज्यांनी तुम्हाला सेटवरच्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं, पैसे दिले आणि सही घेतली, त्यांना अपघात माहीत नव्हता असं कोण म्हणेल? अर्जासोबतच मागणी करा, की तो कागद सामनेवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे त्यांनी, हजर करावा.

युनियनच्या कार्डाचा प्रश्न एका ओळीत संपतो. या कायद्याला कार्ड लागत नाही. मुंबईत बाया ज्युनिअर आर्टिस्टसाठी महिला कलाकार संघ आहे, कार्ड असतं तर संघाने तुमच्या बाजूने रेटा लावला असता, एवढाच फरक. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे तो कोणाला लागू आहे त्या यादीत, जाहीर प्रदर्शनासाठी चित्रपट तयार करण्याच्या कामावरची माणसं आहेत. मग ती कॅमेऱ्यामागची असोत की गर्दीतली. तीन रात्रींचं रोजंदारीचं काम म्हणूनही तुम्ही बाहेर पडत नाही.

सामनेवाले मात्र नीट लिहा, इथे लोक घसरतात. तुम्ही फक्त सप्लायरचं नाव दिलं आहे. त्याच्या एकट्यावर अर्ज केलात तर निकाल लागेल आणि वसूल काहीच होणार नाही. कलम १२ प्रमाणे, ज्याच्या धंद्यासाठी आणि ज्याच्या ताब्यातल्या जागेवर काम चाललं होतं, तो मूळ मालक भरपाईला जबाबदार असतो, मग माणसं कंत्राटदाराने आणलेली का असेनात. म्हणून पहिला सामनेवाला निर्मिती कंपनी, दुसरा सप्लायर. कंपनीने विमा उतरवला असेल तर तिसरी विमा कंपनी, पण ते आत्ता कळलं नाही तरी अडत नाही, नंतर जोडता येते. ‘बाई आमची नव्हे, सप्लायरची’ हे उत्तर कंपनी देणारच. ते त्यांचं आपसांतलं देणंघेणं आहे, कंपनीने भरावं आणि सप्लायरकडून वसूल करावं.

कंपनीचं नेमकं नाव तुम्हाला माहीत नाही, फक्त पिक्चरचं आहे, आणि तेही बदललं असावं असं तुम्ही म्हणता. पहिल्या दोन रात्रींचं व्हाउचर शोधा, वरच्या बाजूला छापलेलं नाव तेच. नाहीतर पोस्टर-टीझरच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं वाचा, आणि मिळालेलं नाव कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता काढा. एकाच पिक्चरसाठी वेगळी फर्म काढलेली असते, म्हणून ओळखीच्या बॅनरचं नाव तसंच उचलून लिहू नका.

अपघात कर्जतला, म्हणजे रायगड जिल्ह्यात झाला, म्हणून तिकडे खेटे घालावे लागतील ही तुमची भीती काढून टाका. कलम २१ प्रमाणे तुम्ही राहता त्या भागातल्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. कळवा ठाण्यात येतं. आयुक्तांचं हे काम कामगार न्यायालयाकडे असतं, म्हणून ठाण्याच्या कामगार न्यायालयात चौकशी करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे खिडकीवर कोणी ‘जुना कायदा गेला’ म्हणेल. तुमचा अपघात त्याआधीचा आहे आणि तेव्हा तयार झालेला हक्क टिकतो. वाद नको म्हणून मथळ्यात १९२३ च्या कायद्यासोबत सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० चाही उल्लेख करून ठेवा. मुदत तिथेही दोनच वर्षांची आहे.

पुरावा. सेटवर मोबाइल जमा करून घेतले होते, म्हणून तुमच्याकडे एकही फोटो नाही. पण आदल्या दुपारचा व्हॉट्सअॅप मेसेज आहे ना? ‘कॉल टाइम सहा. नऊवारी नेसता आली पाहिजे. नेलपेंट, टॅटू चालणार नाही.’ त्याखाली तुमचं ‘ओके दादा’. हे चार शब्द तुम्हाला कामावर बोलावलं होतं याचा पुरावा आहेत. नुसता स्क्रीनशॉट पुरणार नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून तो फोन विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका, फॉरमॅट करू नका. कळवा रुग्णालयात रात्री दाखल झालात तेव्हा एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद) झाली होती का, ते विचारा आणि केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे यांच्या प्रती मिळवा. औषधांची बिलंही जोडा, प्रत्यक्ष झालेला उपचारखर्च वेगळा मागता येतो. तुमच्यासोबत गेलेल्या शेजारच्या दोघी अजून त्याच सप्लायरकडे कामाला जातात. त्यांना साक्षीला यायची भीती वाटणं साहजिक आहे, त्यांच्यावर रागावू नका. नावं-पत्ते अर्जात द्या, समन्स निघालं की ‘कोर्टाने बोलावलं’ म्हणून येणं त्यांनाही सोपं जातं.

किती मिळेल? इथे मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. हिशेब कसा होतो तेवढं दाखवते. तुमचं वय अपघाताच्या वेळी ३५, त्या वयासाठी कायद्यात दिलेला गुणक १९७.०६. मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० धरलं जातं, त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. गुणाकार १७,७३,५४०. हा आकडा शंभर टक्के कमाई बुडाल्याचा. डॉक्टर तोंडी २० टक्के म्हणाले, ते टिकलं तर ३,५४,७०८. वेतन १५,००० धरायचं की कमी, यावर मात्र जोरदार वाद होईल. ‘महिन्यात दहा-बारा दिवसच काम मिळतं’ असं ते म्हणतील, आणि त्यात काही तथ्य मानलं गेलं तर रक्कम खाली येईल. टक्केवारीसाठी अस्थिरोगतज्ज्ञाचं लेखी प्रमाणपत्र लागेल, आणि पायाची हालचाल किती कमी झाली एवढंच नव्हे तर कमाई किती बुडाली हे त्यात यायला हवं. रात्रभर उभं राहणं, जिने चढणं, मांडी घालून बसणं, शिलाई मशीनचं पायडल मारणं, यातलं काय जमत नाही ते डॉक्टरांना सांगा. प्रताप नारायण सिंग देव यांच्या खटल्यात चित्रपटगृहाच्या सजावटीचं काम करणाऱ्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली, असं सर्वोच्च न्यायालयाने मानलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालातलं. महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के साधं व्याज लागतं आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. दोन्हींची मागणी अर्जात शब्दांत लिहा, गृहीत धरू नका.

असा अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा असं कलम २५-अ म्हणतं. माझ्याकडची अशी प्रकरणं वर्षानुवर्षं चालली आहेत. कधी डॉक्टर साक्षीला येत नाहीत, कधी समन्स ‘पत्त्यावर सापडले नाहीत’ म्हणून परत येतं, कधी खुर्चीच रिकामी असते. पाय मोडलेल्या माणसाचं हे असं भिजत घोंगडं ठेवणं मला कधीच पटलेलं नाही. पण मुदतीत दाखल झालेला अर्ज निदान रांगेत तरी उभा असतो आणि त्यावर व्याज मोजलं जातं. दरम्यान कोणी दिवाणी दाव्याचा सल्ला दिला तर ऐकू नका. तो दाखल केलात तर ही वाट बंद होऊ शकते.

राहिलेल्या एका शिफ्टचे पैसे आणि पोलीस तक्रार हे दोन विषय मी आज बाजूला ठेवते. अर्ज दाखल झाला की त्याबद्दल पुन्हा लिहा.

फीसाठी अडू नका. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, कोर्ट नाक्यावर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सोमवारी सकाळी आधार कार्ड, केसपेपर आणि तो फोन घेऊन जा, आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच सांगा, की मुदत ९ एप्रिलला संपते. अर्ज तयार झाला की मराठीत वाचून घ्या, मगच सही करा. दाखल करताना तुमच्या प्रतीवर शिक्का मागा, आणि शिक्क्यातली तारीख नीट उमटली आहे हे पाहून मगच खिडकीवरून हला.