नवा प्रकल्प राहू द्या, आधी ती जुनी खाती बघा

ताई, तुम्ही विचारलंय की सातवीच्या मुलांकडून गावच्या शिवाराचा नकाशा, आवाज, गोष्टी असा डिजिटल प्रकल्प करून घ्यायचा तर तो कशावर करावा. पण मी थबकलो तुमच्या शेवटच्या ओळीपाशी. गेल्या वर्षी मुलांना मिळालेली गुगलची खाती आठ दिवसांपासून उघडत नाहीत, ते सवडीने बघू, असं तुम्ही लिहिलंय. सवडीने नको, आजच बघा. याच सवडीपायी माझ्या वर्गाचं वर्षभराचं काम गेलं.

आमचाही प्रकल्प शिवाराचाच होता. मुलांनी घरोघर फिरून जागांची नावं गोळा केली. खळ्याचं रान, भुताचा आंबा, हंड्याची विहीर. गुगलच्या माय मॅप्सवर, म्हणजे आपला नकाशा बनवायच्या साधनावर, खुणा केल्या, खुणेला फोटो जोडला आणि जुन्या माणसांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून त्याची लिंक दिली. एका मुलीच्या आजीने विहिरीत हंडा कसा पडला आणि काढायला कोण उतरलं, हे चांगलं सात मिनिटं सांगितलं. मध्येच कोंबडी ओसरीवर चढते, आजी तिला हाकलते आणि सुटलेलं वाक्य नेमकं तिथूनच उचलते. तेवढा तुकडा कापू नका म्हणून अख्खा वर्ग माझ्याशी भांडला होता.

खाती एका कार्यालयाने दिली होती, नाव घेत नाही. माझी चूक अशी की मुलांनी फाइल शेअर केली, ती मला दिसायला लागली, म्हणजे ती माझ्याकडे आली असं मी धरून चाललो. शेअर केलेली फाइल मालकाचीच राहते. त्याचं खातं डिलीट झालं की तुमच्याकडूनही जाते. आपली प्रत वेगळी काढून ठेवावी लागते, आणि ती मी काढली नव्हती. एप्रिलमध्ये निकालाच्या धामधुमीत खाती काढून टाकली गेली. ना पत्र, ना मेसेज. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

डिलीट केलेलं खातं ॲडमिनला, म्हणजे कार्यालयात ही खाती सांभाळणाऱ्याला, 20 दिवसांच्या आत परत आणता येतं, नंतर नाही. हे तिथे मला एकानेही सांगितलं नाही. अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने आणा म्हणाले, आणला. केंद्रप्रमुखांमार्फत यायला हवा म्हणाले, तसा दिला. मग संबंधित साहेब प्रशिक्षणाला गेले. ते आले तेव्हा प्रत्येक मुलाचा आयडी ठरावीक तक्त्यात भरून मागितला. तो तक्ता दिला त्या दिवशी बाविसावा दिवस होता. ॲडमिनचं काम बसल्या जागी पाच मिनिटांचं होतं! तो राग अजून गेलेला नाही.

जूनमध्ये ती मुलगी पुन्हा आजीकडे गेली. आजी म्हणाली, "सांगितलं की मागं." आणि दोन वाक्यांत उरकलं.

म्हणून आज एका मुलाच्या खात्यात शिरून बघा. असं खातंच सापडत नाही असा संदेश आला तर बहुधा ते डिलीट झालंय आणि तुमचे आठ दिवस गेलेत. ॲडमिनशी संपर्क साधा असं आलं तर नुसतं बंद ठेवलेलं असण्याची शक्यता आहे. मग आतलं काम शाबूत असतं, पण तरी थांबू नका. अर्जात 20 दिवस कोणत्या तारखेला भरतात ते ठळक लिहा, आयडींचा तक्ता आधीच जोडा, आवक शिक्का मारलेली पोच घ्या आणि त्याच दिवशी ईमेलही करा. 'मार्फत' नंतर होत राहील.

आता नवा प्रकल्प. हे माझं मत, तुमच्या शाळेचं गणित वेगळं असू शकतं. प्रत्येक मुलाचं खातं काढूच नका. आपल्याकडे 13 वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं गुगल खातं काढता येत नाही. मग जन्मवर्ष मागे ढकलून काढतात. वर्गात मुलांसमोर खोटी तारीख भरणं मला अजिबात पटत नाही. शिवाय 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 खालचं प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांच्या संमतीची अट आहे. मी वकील नाही, पण पालकांची लेखी संमती तरी घ्या.

नकाशा तुमच्या एकाच खात्यावर करा. एका नकाशात 10 लेअर, म्हणजे खुणांचे वेगवेगळे थर, मिळतात, गटाला एक दिला की भागतं. दर शुक्रवारी केएमएल फाइल, म्हणजे नकाशाची प्रत, उतरवून घ्या. त्यात फोटो येत नाहीत, नुसत्या लिंका येतात, म्हणून फोटो आणि आवाज पेनड्राइव्हवर वेगळे ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर दर्जा उतरतो. मुलांना कोडिंग करून गोष्टी हलत्या-बोलत्या करता येतात ते स्क्रॅच खात्याशिवाय चालतं, नेट नसेल तरी ॲप टाकून चालतं आणि फाइल आपल्या संगणकावर राहते. गोष्टींसाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. तिथल्या मराठी गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, डाउनलोड करून वर्गात वापरता येतात.

कोणतंही साधन निवडताना मी आता एकच विचारतो, यातून काम बाहेर कसं काढायचं? मुलांचे व्हिडिओ गोळा करायचं फ्लिप जुलै 2024 मध्ये बंद झालं, गुगलचा डिजिटल फळा जॅमबोर्ड त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर. त्यावर वर्ग चालवणारे माझे दोन सहकारी ऐन वेळी प्रती काढत बसले होते.

माझ्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर आत्ताच निरोप टाका. उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे. साडेअकराला सुटलात तर कार्यालय गाठता येईल, आधी ते उघडं आहे का तेवढं फोन करून विचारा.