फार्मसी कॉलेजात नवीन लागलेल्या शिक्षकांना रुळायला कशी मदत करावी?

तुम्ही विभागप्रमुख आहात, यंदा तीन नवे असिस्टंट प्रोफेसर आलेत आणि त्यांना रुळवायचं कसं, असं विचारलंय. आधी त्यांच्या हातातल्या इन्स्पेक्शनच्या फायली काढून घ्या.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात लागलो तेव्हा पहिल्या दिवशी मला फायलींचं कपाट मिळालं आणि तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल. पॅरासिटामॉलच्या गोळ्या, वीस मुलांची बॅच, चार तास. माझं एम.फार्म. फार्माकॉग्नॉसीत, म्हणजे वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधांच्या अभ्यासात, टॅब्लेट मशीनला हात लावून चार वर्षं झालेली. गोळी बाहेर पडली की तिची टोपी निघायची. यालाच कॅपिंग म्हणतात. मी प्रेशर वाढवत गेलो, कॅपिंग वाढतच गेलं. तेवढ्यात एक ज्येष्ठ सर दारातून मुलांसमोरच म्हणाले, "एम.फार्म. केलंय ना तुम्ही?" आणि निघून गेले.

वाचवलं ते लॅबमधल्या अप्पांनी. कानाशी येऊन अहिराणीत सांगितलं, ज्या दाण्यांना दाबून गोळी होते ते दाणे रात्रभर ओव्हनमध्ये राहिलेत, पार कोरडे झालेत. पॅरासिटामॉल मुळातच कॅपिंगला बदनाम, त्यात ओल उरली नव्हती आणि वरून माझं प्रेशर. दाण्यांना थोडा पाण्याचा हात लावला, प्रेशर उतरवलं, मशीन हळू फिरवलं. फ्रायेबिलिटीच्या, म्हणजे गोळ्या ड्रममध्ये फिरवून किती झिजतात ते बघायच्या चाचणीच्या, शंभर फेऱ्यांनंतरही गोळ्या धड राहिल्या, वजनातली घट एक टक्क्याच्या आत.

नंतर मी त्या सरांना विचारलं, आदल्या दिवशी एकदा करून का नाही दाखवलं? "आम्हाला कोणी दाखवलं होतं?" हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. तुम्हाला कोणी दाखवलं नाही म्हणून वीस पोरांचे चार तास वाया घालवायचे?

म्हणून पहिल्या सेमिस्टरला एकच थिअरी द्या, तीही त्यांच्या स्पेशलायझेशनची. प्रत्येक प्रॅक्टिकल आदल्या दिवशी त्यांच्यासोबत उभं राहून करा. चूक झाली तर केबिनमध्ये सांगा, वर्गात नाही. बारावीच्या निकालानंतर ॲडमिशनसाठी मुलं शोधायला गावोगाव पाठवू नका. साक्री-शहाद्याकडची मराठी माध्यमाची पोरं समोर असतील तर आधी मराठीत समजावून मग इंग्रजी शब्द द्यायला सांगा, त्यात कमीपणा नाही.

स्टाफ कमी असेल तर एकच थिअरी देणं जमणार नाही, हे मला माहीत आहे. फायलीही कोणाला तरी कराव्याच लागतात. पण आदल्या दिवशीच्या प्रॅक्टिकलला दीड-दोन तास लागतात, तेवढे काढाच. आणि तुमच्या लॅबमध्ये जे कोणी अप्पा असतील, त्यांची ओळख पहिल्याच दिवशी, मानाने करून द्या.