इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'ओ' असेल तर अनेकवचनात नुसता एस की ईएस?

पक्का नियम एकच: ओच्या आधी स्वर असेल तर डोळे झाकून एस. रेडिओ, व्हिडिओ, स्टुडिओ, झू, कांगारू हे सगळे त्यातले (झू आणि कांगारूच्या स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ओ असतात).

खरी गंमत ओच्या आधी व्यंजन आलं की सुरू होते. पोटॅटो, टोमॅटो, हीरो, एको (प्रतिध्वनी), व्हेटो यांना ईएस लागतो. हे सरळ पाठच करा. लांब शब्दाचं छोटं रूप असेल (फोटो, किलो, मेमो, लोगो) किंवा इटालियनमधून आलेला संगीतातला शब्द असेल (पियानो, सोलो, सोप्रानो म्हणजे गाण्यातला सर्वात उंच स्त्रीस्वर), तर फक्त एस. मँगो, व्होल्कॅनो, मॉस्किटो, झीरो यांना दोन्ही चालतं. तिथे मात्र एकाच लेखात दोन्ही रूपं वापरू नका, वाईट दिसतं.

आणि तो ई एकवचनात घुसू देऊ नका! १९९२ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी एका शाळेत, विद्यार्थ्याने फळ्यावर बरोबर लिहिलेल्या 'पोटॅटो'ला शेवटी ई जोडायला लावला होता. त्यांच्या हातातल्या कार्डावरच तसं लिहिलेलं होतं म्हणे.