वाचक विचारतात : ३०० मिमीच्या लेन्सने आणखी जवळ कसे जावे?

प्रश्न : माझ्याकडे ३०० मिमी एफ/४ टेलिफोटो लेन्स, २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा आणि छोटा स्टार ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र) आहे. ६० सेकंदांच्या फ्रेममध्ये तारे गोल येतात. देवयानी दीर्घिका छान बसते, पण शामशबल तारकासमूहातली एम ५१ ही सर्पिल दीर्घिका नुसती ठिपक्याएवढी दिसते. दुर्बीण परवडत नाही. लेन्सची लांबी दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी जादा भिंगे) घ्यावा का?

उत्तर : घाई करू नका, आधी एक गणित करा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागा. तुमचा पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे एका पिक्सेलवर आकाशाचा २.७ विकला भाग पडतो (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). एम ५१ सुमारे ११ कला लांब आहे. ती तुमच्या फोटोत जवळजवळ २४५ पिक्सेल व्यापते. ६००० पिक्सेल रुंद फ्रेममध्ये एवढीशी दिसणारच, पण तेवढ्या जागेत सर्पिल भुजा आरामात मावतात. कापून मोठे केल्यावरही त्या दिसत नसतील, तर लेन्सच्या लांबीला बोल लावू नका.

मग दोष कुठे आहे? ते तारेच सांगतात. सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केलेली (सगळ्या फ्रेम एकत्र करून बनवलेली) प्रतिमा उघडा आणि ताऱ्यांची निम्म्या तेजापाशी मोजलेली सरासरी रुंदी, म्हणजे एफडब्ल्यूएचएम, पाहा. ती ३ पिक्सेलपेक्षा जास्त असेल, तर तारा ८ विकलांहून मोठा पसरला आहे. वातावरणामुळे होणारी थरथर बहुतेक रात्री २ ते ४ विकलांची असते. वरचा सगळा पसारा फोकस, ट्रॅकिंग किंवा लेन्सचा. अशा वेळी कन्व्हर्टर लावला तर धूसरपणाच मोठा होईल.

फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क (लेन्सपुढे लावायची खाचांची जाळी) वापरा आणि रात्रीतून दोनतीनदा तपासा, कारण हवा गार होत जाते तसा फोकस सरकतो. लेन्स पूर्ण उघडी असताना ताऱ्यांभोवती निळी-जांभळी झाक येते. ती घालवायला लेन्सचे छिद्र थोडे लहान करा, पण आतल्या पात्यांनी नको, पात्यांमुळे ताऱ्यांना किरण फुटतात (९ पाती असली तर १८!). त्यापेक्षा पुढच्या ७७ मिमीच्या आट्यांवर ५८ मिमीपर्यंत उतरणारी स्टेप-डाउन रिंग लावा. ३०० भागिले ५८, म्हणजे एफ/५.२ मिळतो आणि तारे गोल राहतात. कोपरे काळवंडले तर फ्लॅट फ्रेमने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोने) दुरुस्त होतात.

उलट तारे २ पिक्सेल किंवा त्याहून बारीक असतील, तर लेन्स देते तेवढा तपशील तुमचे पिक्सेल पकडत नाहीत. इथे ड्रिझल, म्हणजे किंचित सरकलेल्या फ्रेम अधिक बारीक पिक्सेलांच्या जाळीवर एकत्र करण्याची पद्धत, उपयोगी पडते, आणि त्याला खर्च शून्य. अट एकच : दर दोनतीन फ्रेमनंतर कॅमेऱ्याचा रोख काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवायचा, म्हणजे डिदरिंग करायचे. सगळ्या फ्रेम एकाच जागी पडल्या असतील, तर ड्रिझलला नवे काही मिळत नाही. फ्रेम पन्नासेक तरी हव्यात, शंभर असल्या तर उत्तम. २ पट ड्रिझलमध्ये फाइल चौपट होते आणि नॉइज वाढतो, म्हणून फक्त दीर्घिकेभोवतालचा चौकोन निवडा.

एवढे करूनही कन्व्हर्टर हवाच असेल, तर १.४ पटीचा घ्या. कुठलाही कन्व्हर्टर लेन्सचे पुढचे तोंड रुंद करत नाही. दीर्घिकेचा प्रकाश तेवढाच राहतो, तो जास्त पिक्सेलांत वाटला जातो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? एफ/४ ला २ तासांत जे काम होते, त्याला १.४ पटीवर (४२० मिमी, एफ/५.६) ४ तास लागतात आणि २ पटीवर (६०० मिमी, एफ/८) ८ तास. त्यात ट्रॅकरची चूकही दुप्पट मोठी दिसते, म्हणजे ६० सेकंदांची फ्रेम ३० वर येते. प्रकाश कमी म्हणून फ्रेम लांब हवी आणि ट्रॅकर ती लांबवू देत नाही, या कात्रीत २ पटीचा कन्व्हर्टर सापडतो. ऑटोगायडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा पाहून ट्रॅकरची चूक आपोआप सुधारणे) नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुना कन्व्हर्टर घेताना त्याची पुढे आलेली काच तुमच्या लेन्सच्या मागच्या काचेला टेकत नाही ना, हे आधी बघा. जोड सैल असेल तर कॅमेरा किंचित झुकतो आणि फ्रेमच्या एकाच बाजूचे तारे लांबट येतात. कन्व्हर्टरसह फ्लॅट फ्रेम नव्याने घ्याव्या लागतील.

प्रश्न : एक्स्टेन्शन ट्यूब लावून लांबी वाढेल का?

उत्तर : नाही. ट्यूबने लेन्स सेन्सरपासून दूर जाते, त्यामुळे अगदी जवळच्या वस्तू फोकसमध्ये येतात आणि अनंतावरचा फोकस जातो. ताऱ्यांच्या चकत्या दिसतील.

प्रश्न : क्रॉप फॅक्टरमुळे ३०० मिमीची लेन्स ४५० मिमीची होते ना?

उत्तर : लेन्स ३०० मिमीचीच राहते, एपीएस-सी सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान असल्यामुळे फक्त कडा कापल्या जातात. तपशील ठरतो पिक्सेलवरून. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा पिक्सेल सुमारे ५.९ मायक्रॉनचा असतो, म्हणून तिथे एका पिक्सेलवर ४ विकला पडतात. उलट, ग्रहांसाठी वापरतात त्या छोट्या खगोल-कॅमेऱ्यांपैकी २.९ मायक्रॉन पिक्सेलचा एखादा त्याच लेन्सला लावला तर २ विकला, आणि मध्ये जादा काचही नाही. लहान पिक्सेलवर प्रकाश कमी पडतो, पण या सेन्सरचा रीड नॉइजही (प्रतिमा वाचताना इलेक्ट्रॉनिक्समुळे येणारा नॉइज) कमी असतो, त्यामुळे छोट्या फ्रेम पुष्कळ घेऊन भागते. जोडणी मात्र मापात हवी : कॅननच्या ईएफ लेन्सचा माउंट ते सेन्सर हे अंतर ४४ मिमी, निकॉन एफचे ४६.५ मिमी. सेन्सरपुढे यूव्ही-आयआर कट फिल्टर नसेल तर अवरक्त प्रकाशाने तारे फुगतात. अशा छोट्या सेन्सरचे दृश्यक्षेत्र जेमतेम १ अंशाचे असते, म्हणून दीर्घिका अंदाजाने शोधत बसण्याऐवजी लॅपटॉपवर प्लेट सॉल्व्हिंग करा, म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांवरून कॅमेरा नेमका कुठे रोखला आहे ते सॉफ्टवेअर सांगते.