सासूबाईंना पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलं तर चालेल का?

"ताई, मी 36 वर्षांची, वजन 108 किलो, उंची 5 फूट 2 इंच, शुगर आहे. डॉक्टरांनी वजन उतरवायला मिनी गॅस्ट्रिक बायपास सुचवलंय, छोटं ऑपरेशन आहे म्हणाले, या महिन्यात पैसे भरले तर सवलत. भावजय म्हणते तिच्यासारखं स्लीव्ह कर (पोटाचा मोठा भाग कापून नळीएवढंच ठेवतात ते), नवरा म्हणतो नेटवर मिनीबद्दल फार वाईट लिहिलंय. सासूबाईंना पित्ताचे खडे काढले असं सांगणार आहे. अधूनमधून छातीत जळजळ होते आणि सकाळी मिश्री लावते, बाकी काही त्रास नाही. सेफ आहे का?"

अगं, सगळ्यात महत्त्वाचं तू शेवटी 'बाकी काही त्रास नाही'च्या आधी घाईघाईत लिहून टाकलंस.

आधी हे की ऑपरेशनचा विचार करतेयस यात चूक काहीच नाही, तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 43 च्या वर जातो आणि आपल्याकडच्या लोकांसाठी तर 27.5 च्या पुढेच डॉक्टरांनी हा पर्याय सांगावा असं आता मानतात, त्यात तुला शुगर. "जरा चालायला जा की" म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष कर.

पण 'मिनी' या शब्दाला भुलू नको. नेहमीच्या बायपासमध्ये दोन जोड असतात, यात एकच. पोटाची लांब नळी करून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात, साधारण दीड-दोन मीटर आतडं सोडून. 1997 मध्ये अमेरिकेत रटलेज नावाच्या सर्जननी हे सुरू केलं आणि तिथल्याच सर्जन मंडळींनी बरीच वर्षं नाकं मुरडली, कारण पित्तरस त्या जोडावरूनच वाहतो, तो उलटा वर येईल ही भीती. आपल्याकडे मात्र हे ऑपरेशन भरपूर होतं. फ्रान्समध्ये 253 पेशंटवर तुलना झाली, 2019 मध्ये छापून आली, तर दोन वर्षांनी वजन दोन्ही बायपासमध्ये जवळपास सारखंच उतरलं पण मिनीवाल्यांना जुलाब आणि कुपोषणाचा त्रास जास्त झाला. तिथे दोन मीटर आतडं सोडलं होतं. म्हणून सर्जनला सरळ विचार, माझं किती सोडणार? आणि रात्री दोनला ताप आला, छाती धडधडली, पोटात कळ आली तर फोन कोण उचलणार? जोडातून लीक झालं तर सुरुवात अशीच होते आणि तेव्हा सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

आता तुझी जळजळ. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेली पोटाची तपासणी, केल्याशिवाय कुठल्याच ऑपरेशनला हो म्हणू नको. भावजयीच्या स्लीव्हनेही जळजळ वाढू शकते बरं का, त्यामुळे तिला मानवलं म्हणून तुला मानवेल असं नाही, कदाचित तुझ्यासाठी जुना दोन जोडांचा बायपासच बरा पडेल, ते रिपोर्ट बघून ठरवू दे. आणि मिश्री म्हणजे तंबाखूच गं! जोडाच्या जागी अल्सर व्हायची भीती त्याने वाढते, हे सर्जनपासून लपवू नको आणि आत्तापासूनच बंद कर. डोकं दुखलं की मेडिकलमधून आणून खातो त्या पेनकिलरही नंतर बंद.

सासूबाईंचं म्हणशील तर खोटं बोलणं वाईट वगैरे मी सांगत बसणार नाही, पण हे खोटं टिकणारच नाही. नंतर तू वाटीभर जेवणार, आधी पनीर-अंडं-उसळ मग भाकरी, आयुष्यभर लोह, कॅल्शियम, बी-12 च्या गोळ्या, दर काही महिन्यांनी रक्त तपासणी. पित्ताचे खडे काढलेली बाई असं कुठे करते? त्या प्रेमाने ताटात अजून एक पोळी वाढणार, संकष्टीला साबुदाणा पुढे करणार, आणि तू कारण सांगू शकणार नाहीस म्हणून खाणार, उलट्या करणार. लोकांचं फॉलोअप सुटतं ते असंच, मग वर्षभरात केस गळतात, हिमोग्लोबिन घसरतं आणि नाव ऑपरेशनचं. शिवाय वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडे खरोखरच होऊ शकतात, मग तेव्हा काय सांगशील?

चांगल्या सेंटरमध्ये जीवाचा धोका फार कमी असतो, हजारात एक-दोन इतपत. पण तो सेंटरनुसार बदलतो, सवलतीनुसार नाही. साडीचा सेल नाहीये हा. महिना गेला तर जाऊ दे, दुसऱ्या एखाद्या सर्जनचं मत घे, शक्यतो तिन्ही प्रकारची ऑपरेशनं करणाऱ्याचं, आणि नवऱ्याला बरोबर ने म्हणजे नेटवर काय वाचलंय ते तो त्यांनाच विचारेल. सासूबाईंशीही त्यालाच आधी बोलू दे, आई त्याची आहे.

एंडोस्कोपीत काय निघालं ते मात्र कळव.